"विधानसभेला दिलं तिथंच ना?" : एका महापालिकेच्या मतदार माहितीच्या पानाचं रिडिझाइन

शहराचं नाव सांगत नाही. १५ जानेवारी २०२६ ला ज्या २९ महापालिकांचं मतदान झालं त्यातली एक, आणि मुंबई नाही, एवढं पुरे. मुंबई नाही हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे चार मतांचा जो घोळ येणारे तो मुंबईकरांना कळणार नाही, त्यांच्याकडे २२७ प्रभाग आणि माणशी एकच मत.

मी फ्रीलान्स काम करतो, डिझाइन आणि थोडं फ्रंटएंड. महापालिकेची वेबसाइट ज्या कंपनीकडे आहे त्यांच्याकडून दिवाळीनंतर फोन आला की निवडणुकीचं पान जरा नीट करून द्यायचंय, दोन-तीन दिवसांचं काम आहे. दोन-तीन दिवसांचं म्हणून घेतलेलं हे काम संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे थेट मतदान संपल्यावर संपलं.

आधी जुनं पान कसं होतं ते सांगतो. होमपेज उघडलं की वर नेतेमंडळींचे फोटो, त्याखाली सरकणारी पट्टी, मग योजनांचे बॅनर एकामागून एक फिरतायत, डावीकडे विभागांची यादी, त्यात 'सामान्य प्रशासन', त्याच्या आत 'निवडणूक', आणि तिथं पोचलात की एक टेबल. अ.क्र., विषय, दिनांक, डाउनलोड. विषयाच्या रकान्यात 'सार्वत्रिक निवडणूक २०२५ करिता प्रभागनिहाय प्रारूप मतदार याद्या प्रसिद्ध करणेबाबत'. अशा तीसेक ओळी, सगळ्या 'बाबत'ने संपणाऱ्या. डाउनलोड केलं तर स्कॅन केलेली पीडीएफ, कधी आडवी, मोबाईलवर उघडायला चहा होईस्तोवर वेळ. आणि चित्र असल्यामुळे त्यात शोधता येत नाही, अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला तर ते पान कोरं कागदच.

एक सर्च होता, नाही असं नाही. पण त्यात आधी विधानसभा मतदारसंघ निवडा, मग प्रभाग क्रमांक, मग यादी भाग क्रमांक, मग नाव मराठीत, मग इंग्रजी अक्षरांचा वाकडातिकडा कॅप्चा. आता मला सांगा, ज्याला आपला प्रभाग आणि यादी भाग माहितीये तो इथं कशाला येईल? घर कुठंय ते सांगा मग पत्ता देतो असला प्रकार.

मी डिझाइनवाला माणूस, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी काय केलं असेल तर छान छान स्क्रीन काढल्या. मोठी बटणं, आयकॉन, बोटाला शाई लावल्याचं चित्र वगैरे. कंपनीतल्या लोकांना आवडल्या. मग एक दिवस सह्या घ्यायला निवडणूक शाखेत गेलो, साहेब मीटिंगला होते म्हणून दीड तास बाहेर बसलो, आणि त्या दीड तासात माझ्या सगळ्या स्क्रीन कचऱ्यात गेल्या.

झालं असं की शाखेत एक जुने क्लार्क आहेत, रिटायरमेंटला आलेले, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या टेबलावर लँडलाइन, आणि तो वाजत होता. काका फोन उचलायचे, अर्धा प्रश्न ऐकायचे आणि उत्तर द्यायचे. "नाही हो, विधानसभेचं केंद्र वेगळं, हे वेगळं." "दोन स्टार म्हणजे नाव कापलेलं नाही ताई, घाबरू नका." "नाही, आता नाव नोंदवून या निवडणुकीत उपयोग नाही." "तुमचा प्रभाग बदललाय, नगरसेवक तेच असतील असं नाही, होय, नंबरही बदललाय." दीड तासात हीच चार-पाच उत्तरं फिरून फिरून. मी शेवटी वहीत लिहायला लागलो. काकांनी विचारलं, "काय लिहिताय?" म्हटलं, तुमची वेबसाइट.

त्यानंतर मी तीन दिवस तिथंच खुर्ची टाकली. लोक कुठल्या शब्दात विचारतात ते जसंच्या तसं उतरवलं. 'मतदान केंद्र' म्हणणारे कमी, 'बूथ' म्हणणारे जास्त, आणि सगळ्यात जास्त 'आमचं मतदान कुठल्या शाळेत आलंय?' आलंय हा शब्द बघा, जसं काही वरून पडलं. प्रारूप, अधिप्रमाणित, प्रभागनिहाय हे शब्द तीन दिवसांत एकाही फोनवर आले नाहीत.

आता 'विधानसभेला दिलं तिथंच ना?' या पहिल्या प्रश्नाबद्दल, कारण सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे निवडणूक आयोग दोन आहेत हे बहुतेकांना माहितीच नसतं, मलाही नीट नव्हतं. लोकसभा, विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती घेतो तो राज्य निवडणूक आयोग, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीतून आलेला, पूर्ण वेगळा. पण राज्य आयोग स्वतःची मतदार यादी बनवत नाही. तो विधानसभेचीच यादी घेतो, एका ठरावीक तारखेची, यावेळी ती तारीख होती १ जुलै २०२५, आणि ती यादी प्रभागांप्रमाणे फोडतो. म्हणजे माणूस तोच, ओळखपत्राचा नंबर तोच, पण यादीतला अनुक्रमांक वेगळा, यादी भाग वेगळा, केंद्र वेगळं असू शकतं. आणि लोक काय करतात तर गुगलवर व्होटर लिस्ट टाकतात, भारत निवडणूक आयोगाची साइट वर येते, ती चांगली चालते, लगेच मतदान केंद्राचं नाव दाखवते, आणि ते केंद्र असतं विधानसभेचं. माणूस खूष होऊन स्क्रीनशॉट काढतो, घरच्या ग्रुपवर टाकतो, आणि मतदानाच्या दिवशी सगळं कुटुंब चुकीच्या शाळेत. कुणाचंच काही चुकलेलं नाही बरं का.

म्हणून नव्या पानावर सर्चच्याही वर पहिली ओळ आम्ही टाकली ती अशी: 'विधानसभेला जिथे मत दिलं तिथेच यावेळी असेल असं नाही. एकदा बघून घ्या.' साहेबांना ही ओळ सरकारी वाटली नाही. "वेबसाइटवर असं लिहितात का?" मी म्हटलं काका फोनवर असंच सांगतात. काकांनी मान हलवली. साहेबांनी सही केली. काकांच्या मानेचं वजन काय आहे हे मला तेव्हा कळलं आणि पुढे मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

शब्दांवरून मात्र भांडणं झाली. मला 'अंतिम अधिप्रमाणित प्रभागनिहाय मतदार यादी' च्या जागी 'तुमच्या प्रभागाची मतदार यादी' हवं होतं. साहेबांचं म्हणणं, उद्या कोर्टात गेलं प्रकरण तर आयोगाच्या आदेशात जे शीर्षक आहे तेच साइटवर हवं. आणि त्यांचं चूक नव्हतं, या निवडणुका किती वर्षं कोर्टात अडकल्या होत्या ते सगळ्यांनी बघितलंय, सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२६ च्या आत उरका म्हटलं तेव्हा कुठे हलल्या. मग तडजोड अशी की वर ठळक अक्षरात माणसाची भाषा आणि त्याखाली बारीक करड्या अक्षरात आदेशातलं पूर्ण शीर्षक. करडा इतका फिका करायचा नाही की म्हाताऱ्यांना दिसणार नाही, सरकारी वेबसाइटसाठी केंद्राच्या गाइडलाइन्स आहेत त्यातही अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान साडेचारास एक असा फरक लागतो. हा नियम मी इतर वेळी क्लायंटला ऐकवतो तेव्हा जांभया येतात, इथं साहेबांनी विचारलं, "नियम कुठला? परिपत्रक द्या." दिलं. लगेच मान्य. सरकारी कामात नियम हा किती मोठा मित्र असतो ते खाजगीवाल्यांना नाही कळायचं.

होमपेजवर जागा कशी मिळाली तो किस्सा. मी आल्यापासून मागत होतो की सर्च बॉक्स होमपेजवर सगळ्यात वर हवा, कोणाच्याही तीन क्लिक आत नको. उत्तर ठरलेलं, वरची जागा योजनांच्या बॅनरची, ती कशी काढणार. मग १५ डिसेंबरला निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, आणि त्या संध्याकाळीच फोन, सगळे फोटो आणि बॅनर तातडीने उतरवा. उतरवले. होमपेजच्या मधोमध हे एवढं मोठं भगदाड. "इथं आता काय टाकायचं?" मी आधीच बनवून ठेवलेला सर्च बॉक्स त्याच रात्री चढवला. माझ्या कौशल्याने मिळालेली जागा नाही ही, आचारसंहितेने दिली.

आता सर्च. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि ज्याला मराठी टायपिंगचं थोडंफार वेड आहे त्याने हा भाग नीट वाचा.

ओळखपत्राचा नंबर टाकून शोधणं सोपं, तीन अक्षरं आणि सात आकडे. पण ते सोपं फक्त आपल्याला. जुन्या लोकांकडे जुनी कार्डं आहेत, त्यावर 'एमटी' आणि मग तिरप्या रेघा मारून लांबलचक नंबर. तो टाकला की जुना फॉर्म 'अवैध' म्हणायचा. लोक नंबर देवनागरी आकड्यात टाकतात, कारण कीबोर्ड मराठी आहे, तर तेही अवैध. शून्य आणि इंग्रजी ओ यात गल्लत. मध्ये स्पेस. हे सगळं आम्ही निमूटपणे स्वीकारायचं आणि आतल्या आत बदलून घ्यायचं ठरवलं, लाल अक्षरात माणसावर ओरडायचं नाही. ज्यांचं जुनं कार्ड सापडतच नाही त्यांना थेट 'नावाने शोधा' वर न्यायचं.

नावाने शोधणं म्हणजे खरी लढाई. मराठीत 'कुऱ्हाडे' लिहायचं तर तो डोळ्याच्या पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो, एकात खाली टिंबवाला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडअक्षराचं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. तसंच 'ॲ', एक सलग अक्षर म्हणून येतं किंवा अ वर चंद्र देऊन येतं. यादीत कुठं हे, कुठं ते. म्हणजे माणसाने आपलं आडनाव अगदी बरोबर लिहिलं, यादीतही बरोबर आहे, दोघं शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही, आणि उत्तर येतंय 'माहिती उपलब्ध नाही'. या तीन शब्दांनी निवडणूक शाखेचा फोन किती वाजला असेल याचा हिशोब नाही.

मग पाटील की पाटिल. कांबळे की काम्बळे. शिंदे की शिन्दे. बाई, राव, ताई, कुठं जोडून, कुठं सोडून, कुठं गायब. लग्न झालेल्या बाईचं नाव माहेरचं की सासरचं, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं. एका आजींच्या कार्डावर 'रखमा' आणि यादीत 'रुक्मिणी', कुणा शिकलेल्या ऑपरेटरने परस्पर शुद्ध करून टाकलेलं. यावर काय करणार?

केलं ते असं. टाइप केलेलं नाव आणि यादीतलं नाव, दोन्ही आधी एका चाळणीतून काढायची. ऱ्हस्वदीर्घ सगळं एक. अनुस्वार, न आणि म जोडाक्षरात आले तर एक. श आणि ष एक. न दिसणारी चिन्हं काढून टाकायची. पापणीचा र एकाच पद्धतीत आणायचा. बाई-राव शेवटी असेल तर सोडून द्यायचं. मग उरलेले सांगाडे एकमेकांशी ताडायचे. शाळेतल्या मराठीच्या बाईंनी बघितलं असतं तर कान धरला असता, आयुष्यभर ऱ्हस्वदीर्घ शिकवलं आणि पोरगं सगळं पुसून बसलंय. यादीच्या डेटात इंग्रजीतलं नाव पण होतं, त्यामुळे इंग्रजीत टाइप करणाऱ्यांनाही तेच पान. अनिवार्य फक्त दोन गोष्टी, आडनाव आणि स्वतःचं नाव. बाकी सगळं, म्हणजे मधलं नाव आणि वय, फक्त निकाल जास्त आले तर विचारायचं.

एका गोष्टीवर मी अडून बसलो. निकालात घर क्रमांक दाखवायचा नाही. यादी सार्वजनिक असते हे मान्य, पण पीडीएफ चाळून एक नाव काढणं वेगळं आणि कुणाचंही नाव टाकून दोन सेकंदात पत्ता मिळणं वेगळं. नाव, वय, केंद्र, खोली, अनुक्रमांक, बस. कंपनीच्या लोकांना हे नसतं लफडं वाटलं. काकांना पटलं, त्यांना दोन मुली आहेत.

निकालाचं पान बनवून झालं आणि मी स्वस्तातला अँड्रॉइड फोन घेऊन नागरी सुविधा केंद्रात जाऊन बसलो, तिथं मालमत्ता कर भरायला, जन्मदाखला काढायला लोक रांगेत असतातच. युझेबिलिटीवाल्या, म्हणजे गोष्ट वापरायला किती सोपी ते तपासणाऱ्या, जेकब नील्सनचं एक प्रसिद्ध म्हणणं आहे की पाच माणसांवर तपासलं तरी बहुतेक चुका सापडतात. मला तर दुसऱ्याच माणसाने आडवा केला. रिक्षावाले काका, नाव सापडलं, केंद्र आलं, 'म.न.पा. शाळा क्र. १४, तळमजला, खोली क्र. ३'. मी खूष. ते म्हणाले, "ही कुठं आली?" म्हणजे रिक्षावाल्याला माहिती नाही! शाळेला कुणी नंबरने ओळखतच नाही. मग मी शाखेत येऊन काकांना विचारलं तर ते एका सेकंदात म्हणाले, "पाण्याच्या टाकीमागची. पिवळी शाळा म्हणतात. आता पिवळी नाहीये पण."

तिथून आम्ही 'ओळखीची खूण' नावाचा एक रकाना वाढवला आणि माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वात उपयोगी गोष्ट तीच, डिझाइनशी फार संबंध नसलेली. प्रत्येक केंद्रासमोर एक ओळ. टाकीमागची, जुन्या टॉकीजसमोरची, दत्तमंदिराच्या बोळात, मागच्या गेटने. ती भरली कुणी तर प्रभाग कार्यालयातल्या लोकांनी आणि केंद्रांची पाहणी करत फिरणाऱ्या अधिकाऱ्यांनी, एका एक्सेल शीटवर. काहींनी कंटाळून 'शाळेजवळ' असं लिहिलं, तेही शाळेच्याच नावापुढे. ती काकांनी फोन करकरून दुरुस्त करून घेतली. नकाशाची लिंकही दिली, पण नकाशातली टाचणी बऱ्याचदा शाळेच्या मागच्या भिंतीवर पडते आणि दार असतं पुढच्या गल्लीत, म्हणून दारात उभं राहून लोकेशन पाठवा असं सगळ्यांना सांगावं लागलं.

एका मताऐवजी चार मतं, हे दुसरं मोठं प्रकरण. मुंबई सोडली तर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग, आमच्याकडे बहुतेक ठिकाणी चार जागा, अ ब क ड. म्हणजे मतदाराने चार बटणं दाबायची, प्रत्येक जागेसाठी एक. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबायचं. चारही झाल्याशिवाय शेवटचा बझर वाजत नाही. आता विधानसभेला एक बटण दाबून आवाज ऐकून बाहेर पडायची सवय असलेला माणूस एक दाबतो आणि चालायला लागतो, मग आतले कर्मचारी हाका मारतात, रांग थांबते. ही माहिती जुन्या साइटवर होती, एका पीडीएफच्या सतराव्या पानावर.

चारही जागांच्या मतपत्रिकांचे रंग वेगळे असतात, अ पांढरी, ब फिकी गुलाबी, क फिकी पिवळी, ड फिकी निळी. मला वाटलं वा, किती सोपं, मी चार रंगांचे चार ठोकळे काढले, त्यावर एकेक बटण, सुंदर दिसत होतं. सुविधा केंद्रात एका बाईंना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि मला हळूच विचारलं, "निळी म्हणजे कुठली पार्टी?" पुढच्या माणसाने गुलाबीवरून तेच विचारलं. निवडणुकीच्या हवेत रंग म्हणजे झेंडा, हे कळायला मला शाळा नंबर चौदाच्या मास्तरांची गरज नव्हती, पण कळलं नव्हतं खरं. साहेबांनी बघितलं असतं तर मला आचारसंहितेत आत टाकलं असतं. ठोकळे गेले. आता चार ओळी, मोठ्या अक्षरात अ, ब, क, ड, आणि रंगाचं नाव फक्त शब्दात, 'कागदाचा रंग फिका निळा'.

यावरून फ्लोरिडातली ती २००० सालची गोष्ट आठवली. पाम बीच काउंटीतल्या अधिकारी बाईंनी म्हाताऱ्या मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली, मोठी केल्यामुळे उमेदवार एका पानावर मावेनात, म्हणून दोन पानांवर समोरासमोर छापले आणि भोकं मधोमध, आणि कुठलं भोक कोणाचं यात लोकांचा घोळ झाला. राज्याचा निकाल लागला ५३७ मतांनी, आणि त्या राज्यावर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरला. बाईंचा हेतू चांगलाच होता. माझाही होता. रिक्षा आणि जन्मदाखल्याच्या रांगेतल्या लोकांनी वाचवलं मला.

दोन स्टारचं थोडक्यात सांगतो. यावेळी यादीत ज्यांची नावं दुबार असावीत असा संशय होता त्यांच्यासमोर दोन तारे छापले होते. अशांकडे कर्मचारी जाऊन विचारणार की तुम्ही कुठल्या केंद्रावर मत देणार, आणि गाठ पडली नाही तर केंद्रावर लेखी घेणार की मी दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणारही नाही. लोकांना वाटलं नाव उडालं. सर्चच्या निकालात कुणासमोर तारे असतील तर लगेच खाली दोन ओळी: 'तुमचं नाव यादीत आहे. दोन तारे म्हणजे काय ते इथे वाचा.' पहिलं वाक्य आधी, हे महत्त्वाचं, कारण घाबरलेला माणूस दुसरं वाक्य वाचत नाही.

आणि सगळ्यात अवघड पान म्हणजे 'माझं नाव नाहीये, आता काय?' इथं खरं उत्तर कडू आहे. १ जुलै २०२५ च्या विधानसभा यादीत नाव असून प्रभागाच्या यादीत राहिलं, चुकीच्या प्रभागात गेलं, लिहिताना चूक झाली, तर हरकत घेता येत होती, प्रारूप यादी २० नोव्हेंबरला आली आणि हरकतींची मुदत २७ वरून वाढवून ३ डिसेंबर केली होती. पण मूळ यादीतच नाव नसेल तर राज्य आयोग ते घालू शकत नाही, तो अधिकारच त्यांच्याकडे नाही. कुणी ऑक्टोबरमध्ये नाव नोंदणीचा फॉर्म ६ भरून नवीन कार्डही मिळवलं असेल तरी या निवडणुकीत मत नाही. मी तसंच लिहिलं, 'या निवडणुकीत तुम्हाला मत देता येणार नाही', आणि खाली पुढच्या निवडणुकीसाठी नाव कसं नोंदवायचं ते. यावर वरपर्यंत चर्चा झाली. एवढं थेट नको, 'नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल' असं लिहा म्हणाले. काका तेव्हा पहिल्यांदा साहेबांसमोर बोलले, "साहेब, ते लिहिलं की माणूस इथं येतो. दोनदा येतो. मग मी त्याला हेच सांगतो." राहिलं वाक्य.

सगळं जमलं असं मात्र नाही. प्रभाग कार्यालयांचे फोन नंबर आम्ही ठळक टाकले, त्यामुळे एका कार्यालयातल्या ऑपरेटरने मला शोधून काढून झापलं, आधी फोन विभागून सगळीकडे वाजायचे, आता सगळे त्यांच्याच टेबलावर. शेवटच्या आठवड्यात दोन केंद्रं बदलली, सर्चमध्ये बदल झाला पण पीडीएफ जुनीच राहिली, अर्धा दिवस साइटवर एकाच केंद्राचे दोन पत्ते. कुणीतरी पत्रकाराने पकडण्याआधी काकांनी पकडलं. नंतर आम्ही यादीचं पान आणि सर्च दोन्ही एकाच शीटमधून काढायला लागलो, आणि प्रत्येक पानावर शेवटचा बदल कधीचा ती तारीख-वेळ. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, दुसऱ्याला मी हेच आधी सांगितलं असतं.

आकडे विचारू नका. आधी किती लोक येत होते, कुठे अडकत होते, याची नोंदच जुन्या साइटवर ठेवलेली नव्हती, त्यामुळे इतके टक्के सुधारणा झाली वगैरे मी सांगू शकत नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिवाय खरी स्पर्धा दुसरीकडेच आहे. प्रत्येक उमेदवाराच्या कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये यादी शोधायचं ॲप असतं, तो घरी येऊन नाव काढून देतो, स्लिप देतो, स्लिपवर अर्थात उमेदवाराचा हसरा फोटो. आमच्या पानापेक्षा तो कार्यकर्ता दहापट वापरायला सोपा आहे. त्याला टाइप करावं लागत नाही, त्याला हाक मारली की झालं. एकच गोष्ट आमच्याकडे होती, निकाल आला की 'व्हॉट्सॲपवर पाठवा' बटण, आणि त्यातून जाणारा मजकूर साधा, चार ओळींचा, बिनफोटोचा: नाव, केंद्र, ओळखीची खूण, खोली आणि अनुक्रमांक. माझ्या आईच्या भिशीच्या ग्रुपवर तो मला फिरून आला तेव्हा बरं वाटलं.

मतदान सकाळी साडेसातला सुरू होणार होतं, मी सहाला लॅपटॉप उघडून बसलो. सगळी केंद्रांची पानं साधी, आधीच बनवून ठेवलेली होती त्यामुळे ती पडली नाहीत, पण नावाचा सर्च नऊच्या सुमारास रडायला लागला. तेव्हा ठरल्याप्रमाणे सर्चच्या जागी केंद्रांची साधी यादी पुढे केली, खुणेसकट, अकरापर्यंत तशीच चालवली, मग सर्च परत आला. काका शाखेत होते. दुपारी त्यांना विचारलं फोन कसा आहे. म्हणाले, "वाजतोय. पण आता लोक विचारत नाहीत, भांडतायत. नाव का नाही म्हणून." मला वाटतं ही प्रगतीच.

१६ तारखेला निकाल लागले, आचारसंहिता संपली आणि होमपेजच्या मधोमध बॅनर परत आले. सर्च आता पुन्हा डावीकडे, सामान्य प्रशासनाच्या आत. माझं बिल अजून लेखा विभागात फिरतंय. ओळखीच्या खुणांची ती शीट मात्र काकांनी माझ्याकडून मागून घेतली, प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवलीये. परवा सहीसाठी गेलो तर फोन वाजला, काकांनी उचलला, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "नाही हो, ते महापालिकेचं केंद्र होतं. विधानसभेचं वेगळं."